चार सेकंदांची सासू

आमच्या अंगणातली निळी भिंत गेली तीन वर्षं रंगवलेली नाही. दिवाळी आली की सगळ्या घराला नवा रंग लागतो, ओटा सारवला जातो, दारं पुसली जातात आणि ती एक भिंत तेवढी तशीच राहते. खाली पोपडे निघालेत, एका जागी म्हशीने अंग घासून रंग उडवलाय. ती रंगवायची नाही हा हुकूम माझा. आमच्या सगळ्या फिल्मा त्याच भिंतीसमोर होतात आणि आमचे प्रेक्षक मोठे चौकस आहेत. एकदा झाडायच्या सोयीसाठी मी पाण्याचा रांजण जरा बाजूला सरकवला होता, तर फिल्मखाली लोकांनी लिहिलं, सासूने सुनेला फेकून मारला का? तेव्हापासून रांजणही हलवत नाही.

मी फोनवर फिल्मा करते आणि त्या ऑनलाईन टाकते. माझं माहेर कोहमाऱ्याला, हायवेच्या चौकात. बापाचा ढाबा होता आणि ट्रकवाले जेवेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत बसणं हाच माझा लहानपणीचा टाइमपास होता. कोण घरून भांडून आलाय आणि कुणाला घरी जायची घाई आहे, हे मी पोळी वाढता वाढता ओळखायची. तिरोड्याजवळच्या या गावात लग्न करून आले तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. नवरा वीज प्रकल्पात पाळीवर जातो. दीर, म्हणजे आमचे भाऊजी, चोरखमारा तलावाच्या कालव्यावर धानाची शेती पाहतात. आणि सासू. मी त्यांना आईच म्हणते.

आईंची एक सवय आहे. काही बोलायच्या आधी त्या समोरच्याकडे नुसत्या बघतात. चांगल्या तीन-चार सेकंद. कपाळाला एक आठी पडते, ओठ मिटलेले असतात आणि मग कुठे शब्द बाहेर येतो. लग्नानंतर पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, तेव्हा मी आधी पदर चाचपला. काय चुकलं? पदर नीट नाही? उशिरा उठले? चार सेकंदांनी त्या म्हणाल्या, "भूक लागली का वं बाई?" मी पहिल्याच दिवशी हे पाहिलं होतं. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

सुरुवातीला मी एकटीच खपायची. बुरडाकडून तीन कामट्या आणून त्यांचा फोन ठेवायचा स्टँड बांधला. खताची पोती उसवून त्यांची पांढरी बाजू उन्हात धरली की चेहऱ्यावर मऊ उजेड पडतो, हे मी स्वतः शोधून काढलं आणि त्याचा मला अजून गर्व आहे. शेजारची राईस मिल दुपारी बंद झाली की आवाज घ्यायचा. झालेली फिल्म टाकायला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जायचं, कारण नेटवर्क तिथेच. चिखलात धान रोवणाऱ्या बाया, मोहफुलं वेचणं, पावसाआधीचं आभाळ, असं काय काय केलं. बघणारे सगळे मिळून आमच्या गल्लीतले आणि माझ्या माहेरचे.

मग एक दिवस गंमत म्हणून सासू-सुनेची आठ मिनिटांची फिल्म केली. सून मीच. सासूला आईंना उभं केलं. अडचण एवढीच की आईंना माझ्यावर ओरडता येईना. "तुले कशी बोलू वं मी?" म्हणायच्या आणि हसायच्या. शेवटी मी त्यांना धानाच्या ढोलीसमोर उभं केलं. ढोली म्हणजे आमच्याकडे धान साठवायची ती माणसाएवढी बांबूची कणगी. तिला बोलायला आईंना काही वाटेना. "सांगू का तुले? सांगू का आता?" असं त्या ढोलीला असं काही दरडावून बोलल्या की पोतं धरून उभे असलेले भाऊजीही दचकले. प्रत्येक वेळी झालं की मला विचारायच्या, "तुले लागलं नाई ना?" लागणार तर ढोलीला.

तरी फिल्म बसेना. रागाच्या आधीची शांतता हवी होती आणि ती आईंना ठरवून करता येईना. रात्री सगळं जोडायला बसले तेव्हा दुपारचा एक तुकडा सापडला. काम संपल्यावर मी फोन बंद करायला विसरले होते आणि त्यात आई माझ्याकडे बघत उभ्या होत्या. तेच चार सेकंद. कपाळाला आठी, ओठ मिटलेले. मी तो तुकडा उचलला आणि सुनेच्या हातून मडकं फुटतं, त्याच्या बरोब्बर पुढे लावला. मडकं फुटलं. सासूने पाहिलं. माझ्याच अंगावर काटा आला.

त्या चार सेकंदांनी आम्हाला गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत पोचवलं. लोक सांगायचे, ती सासू बोलते तेव्हा काही नाही, पण गप्प बसते ना, तेव्हा भीती वाटते. लोकांना काय हवंय ते मला कळलं आणि पुढच्या प्रत्येक फिल्ममध्ये तेच केलं. काम झाल्यावर फोन चालू ठेवायची. आई बघायच्या, मी ते बघणं कापून घ्यायची आणि कधी करपलेल्या भातापुढे, कधी सांडलेल्या दुधापुढे लावायची. त्यात वाईट आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. उलट आपल्याला फिल्म जोडता येते, याचीच मिजास होती.

आता त्यातून निघता येत नाही. मागच्या वर्षी मी तलावात शिंगाडे काढणाऱ्या एका बाईवर फिल्म केली. सहा आठवडे डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत बसून, पाय पाण्यात कुजेपर्यंत. तिचे काळे पडलेले हात, काट्यांवरून फिरणारी बोटं, पाण्याचा तो हिरवा उजेड. मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम ते आहे, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. लोकांनी खाली लिहिलं, सासूवाली आजी कुठं हाये? एकाने तर मोठ्या सज्जनपणे लिहिलं होतं की शेवटपर्यंत पाहिलं, आजी आलीच नाही, वेळ गेला. मी दोन दिवस फोनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी निळ्या भिंतीसमोर कामट्या रोवल्या.

मी निदान चिडू तरी शकत होते. आईंना तेही जमत नव्हतं. तिरोड्याच्या बाजारात भाजीवाली वांगी तोलता तोलता म्हणायची, "आजी, एकदा 'सांगू का तुले' म्हना ना." लग्नात गेल्या की अक्षता राहायच्या बाजूला आणि बाया त्यांना कोपऱ्यात ओढायच्या. गोंदियाची एक बाई तर दवाखान्याच्या रांगेत फोन काढून म्हणाली, "अम्मा, एक बार डाँट दो ना, बहू को भेजना है." आई भिडस्त. त्या म्हणायच्या आणि मग घरी येऊन पदराने तोंड पुसत बसायच्या. "दमल्या का?" मी विचारायची. "नाई," त्या म्हणायच्या आणि विषय तिथेच संपायचा.

खरा घोळ भाऊजींच्या लग्नावरून झाला.

भाऊजींना तिसावं लागत आलं होतं. मुलगा सरळ, शेती ओलिताची, घर बांधलेलं. दोन ठिकाणांहून नुसताच नकार आला. कारण कुणी सांगेना. तिसरं स्थळ आमगावकडचं होतं आणि ते लोक मंडईला आमच्या घरी येणार म्हणून ठरलं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुपारी मैदानात लोकनाट्याची दंडार नाचते, पाळणे लागतात, घरोघर पाहुणे जेवायला असतात आणि त्या गर्दीत पोरी-पोरं पाहून सोयरिकी जुळतात. माझंही लग्न असंच जुळलेलं आहे. आई चार दिवस आधीपासून राबत होत्या. अनारसे त्यांनी मला करू दिले नाहीत, बिघडतील म्हणून.

दुपारी आम्ही सगळे पाहुण्यांना घेऊन मैदानात गेलो. पोरीची आई, बाप आणि एक काका. दंडार थांबली आणि माईकवाल्याने आमच्याकडे पाहून आवाज दिला, आपल्या गावची शान, सगळ्यांची लाडकी खाष्ट सासू, दोन शब्द. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. आई हलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना नाही म्हणायचं होतं आणि ते माझ्या तोंडून हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण फोन माझ्या हातात होता, ऊन छान तिरपं पडलं होतं आणि गर्दी फार सुंदर दिसत होती. मी मानेने हो म्हटलं.

आई माईकपुढे गेल्या आणि म्हणाल्या, "सांगू का तुले? सांगू का आता?" मैदान दणाणलं. मी फोन फिरवत फिरवत सगळं घेतलं आणि त्या चौकटीत मला पोरीची आई दिसली. ती हसत नव्हती. तिने पदर घट्ट ओढून घेतला होता.

घरी पंगत बसली. आई वाढून झाल्यावर पोरीच्या आईसमोर येऊन बसल्या आणि तिच्या ताटाकडे, मग तिच्या तोंडाकडे बघू लागल्या. कपाळाला आठी, ओठ मिटलेले. ती बाई घास हातात धरून तशीच थांबली. मी वरणाचं भांडं घेऊन दारात उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, बोला, आई, बोला लवकर. "चला, बस निघून जाईन," असं म्हणत ती बाई उठली. आईंच्या तोंडात आलेलं तसंच राहिलं. अनारसे कुणी खाल्ले नाहीत.

दोन दिवसांनी नवऱ्याची आत्या निरोप घेऊन आली. "घर चांगला हाये, पोरगा चांगला हाये म्हनतेत. पन पोरीची माय म्हनते, त्या बाईच्या हाताखाली माजी पोरगी नाई देत."

"अवं आत्याबाई, ते सगळं खोटं असते ना," मी म्हणाले.

"मले माहीत हाये वं. पन ती म्हनते, घरी बी तशीच पाहून राहिली होती. व्हिडिओत पाह्यते तशीच."

आई चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं. भाऊजी म्हशीला पाणी पाजायला म्हणून उठून गेले, म्हैस नुकतीच पिऊन आली होती तरी. त्या दिवसापासून आमच्या घरात जो तो दुसऱ्याला चुकवून चालायला लागला. चॅनल बंद करते, असं मी नवऱ्याला एकदा म्हणालेही. तो म्हणाला, बंद केलं तरी जे आहे ते लोकांच्या फोनमध्ये आहेच ना, ते कोण पुसणार? त्याचं खरं होतं. मी आईंच्या खऱ्या स्वभावाची एक फिल्मही करून टाकली, त्या वासराला कुरवाळताहेत वगैरे. खाली लोकांनी हसून लिहिलं, आता वासराचं काही खरं नाही.

एका दुपारी मी खोलीत गेले तर आई कपाटाच्या आरशासमोर उभ्या होत्या. ओठ दोन्ही बाजूंना ताणून हसून बघत होत्या. मग कपाळावरची आठी बोटांनी दाबून सपाट करत होत्या. मी मागून म्हणाले, "आई, हे मस्त दिसते. पुढच्या फिल्ममधी घेऊ." त्यांनी हात खाली घेतला. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर देवरीकडचं एक स्थळ आलं. रविवारी लोक घर पाहायला येणार होते. आई आदल्या आठवड्यातच मला म्हणाल्या, "मी रविवारी मायेरी जाईन. पाहुने गेले की येईन." मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात तिरोड्याला एका महिला मंडळाने मला शिकवायला बोलावलं होतं. फोनवर फिल्म कशी करायची, असा विषय. या सगळ्या कोंडमाऱ्यात शिकवणं तेवढं मला मोकळं वाटायचं. मी त्याचे छोटे व्हिडिओ टाकते, बघतात थोडेच, पण ते प्रश्न नीट विचारतात. आजींनाही आणा, असा मंडळाचा आग्रह होता, म्हणून स्कूटीवर मागे आई.

पंचवीसेक बाया आणि कॉलेजच्या पोरी. पांढरी चादर भिंतीला टांगलेली, त्यावर प्रोजेक्टर. आई मागच्या रांगेत, दाराजवळ बसल्या. मी उजेड शिकवला, आवाज शिकवला, पोत्याची युक्ती दाखवली. मग म्हणाले, सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुकडा कुठे कापायचा ती. आणि मी आमची पहिली फिल्म लावली. मडकं फुटलं. सासूने पाहिलं. पोरी ओरडल्या.

"आता हाच तुकडा पूर्ण बघा," मी मोठ्या रुबाबात म्हणाले, "मी कापायच्या आधीचा."

चादरीवर आई बघत होत्या. तीच आठी. एक, दोन, तीन, चार. आणि फिल्ममध्ये जिथे मी कात्री लावली होती, त्याच्या पुढे त्यांचे ओठ उघडले. "झालं का वं बाई? जेव ना आता. भात थंडा होऊन राहिला."

खोलीत सगळ्या हसल्या, टाळ्या वाजल्या. बघितलं, मी म्हणाले, चार सेकंदांवर कापलं की राक्षसीण आणि पाचव्यावर कापलं की आई. माझं मलाच ते वाक्य फार आवडलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उभ्या राहिल्या होत्या. चादरीकडे बघत होत्या.

"मंग माजा चेहरा वाईट नाई का?" त्यांनी विचारलं.

सगळी खोली पुन्हा हसली. त्यांना वाटलं, आजींनी डायलॉग मारला. पुढची एक पोरगी फोन वर करून म्हणाली, "आजी, अजून एकदा म्हना ना!"

मला मात्र आरसा दिसला. ताणलेले ओठ दिसले, कपाळ दाबणारी बोटं दिसली. तीन वर्षं त्या समजत होत्या की आपलं तोंडच तसं आहे. आपल्या तोंडामुळे पोराला पोरगी मिळत नाही. आणि मी, जिला ट्रकवाल्यांचे चेहरे वाचता यायचे, ती घरातल्या माणसाचं तोंड रोज कापत बसले होते.

"फोन खाली ठेवा," मी त्या पोरीला म्हणाले. मग आईंना म्हणाले, "नाई आई. तुमचा चेहरा चांगला हाये. मी तो अर्धा कापला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एवढा वेळ त्यांनी कधीच घेतला नव्हता.

"मंग इतके दिस सांगतली काऊन नाई वं?"

मी प्रोजेक्टरची वायर उगाच सरळ केली. कुणीतरी पंखा लावला. आई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव अजून एकदा. माजंवालं." मी लावलं. त्यांनी ते तीन वेळा पाहिलं. परत येताना स्कूटीवर त्या मागे होत्या, त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं.

रविवारी त्या माहेरी गेल्या नाहीत. पाहुणे अकराला आले. मुलीचे आई-वडील आणि मामा. ते दारातून आत आले, त्यांनी निळी भिंत ओळखली आणि एकमेकांकडे पाहिलं. आई साधं पांढरं पातळ नेसून समोर येऊन बसल्या, हसायचा प्रयत्न न करता. मुलीच्या आईने चहाचा कप तोंडाला लावला आणि आईंनी तिच्याकडे पाहिलं. कपाळाला आठी, ओठ मिटलेले. बाईचा कप हवेतच थांबला. मामाने खाकरून घड्याळ पाहिलं. भाऊजी दारात उभे होते, त्यांनी चौकट धरली.

मी ट्रे घेऊन उभी होते आणि मोजत होते. एक. दोन. मुलीच्या आईने कप खाली ठेवला आणि उठायला म्हणून पदर सावरला. मी जागची हलले नाही, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा ना बाई, त्या बोलून राहिल्या."

तीन. चार.

"लांबून आल्या वं तुमी," आई म्हणाल्या. "जेवल्याबिगर नाई जायचं. भात गरम हाये."